मनाने खचलेल्या मुलांसाठी सक्षम कुटुंबे घडवा

महोदय,

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार निराधार बालकाला संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवता येते आणि केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. परंतु वडिलांच्या आत्महत्येनंतर आईलाही मुकलेला, रात्री दचकून उठणारा किंवा स्वतःला इजा करून घेणारा पंधरा वर्षांचा मुलगा सांभाळायचा, तर केवळ पैसा आणि माया पुरत नाही (माया आमच्या गावांत कमी नाही). अशा कुटुंबाला आधी प्रशिक्षण, पुढे समुपदेशकाच्या नियमित भेटी, अडचणीच्या रात्री फोन उचलणारा माणूस आणि अधूनमधून चार दिवसांची उसंत मिळायला हवी. तपासणीसाठी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जायचे म्हणजे मजुरी बुडते. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातच या मुलांना तपासून औषधे द्यावीत. कुटुंबांची निवड मात्र कसून व्हावी, कारण कापूस वेचणीला फुकटचा हात म्हणून मूल मागणारेही भेटतील. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने प्रत्येक तालुक्यात निदान दोन-तीन कुटुंबे तयार करण्यास यंदाच सुरुवात करावी.

— एक निवृत्त शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)