क्राउन-पिनियन उघडायच्या आधी

केज,
३ ऑगस्ट

मित्रा,

परवा तुझा फोन आल्यापासून डोक्यातून ती तुझी मारुती जिप्सी जायनाच. गाडीचा आवाज ऐकवला खरा तू, पण फोनात नुसती खरखर आली, त्यातून काय कळणार. म्हणून निवांत लिहायलोय, म्हणजे पत्र हातात धरून गाडीपाशी बसता येईल. पहिली गोष्ट, मिस्त्रीला आठ दिवस थांबव. मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांकडं वळवणारी दात्यांची जोडी, खोलू देऊ नको. तो म्हणतो ते खरं असेलही, पण एक चक्कर मारून "क्राउन गेला" म्हणणाऱ्यावर माझा आता भरवसा नाही, आणि का नाही ते सांगतो.

माझी २००३ ची जिप्सी तुला माहितीच आहे. तीन वर्षांमागं तिचं असंच झालं होतं, पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून धाड्कन वाजायचं आणि चाळीस-पन्नासला एक घूंऽ असा आवाज धरायची. एका गॅरेजवाल्यानं क्राउन-पिनियन सांगितला, उसाचं बिल नुकतंच आलं होतं, दिले काढून पैसे. नवा सेट, नवे बेरिंग, शिमच्या पातळ चकत्या टाकून सेटिंग, सगळं केलं. गाडी घेऊन मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत गेलो तर धाड जशीच्या तशी, आणि वर एक नवीनच थरथर चालू झाली, साठच्या पुढं गेलं की सीटखाली मुंग्या आल्यासारखं. त्या दिवशी घाटात गाडी बाजूला घेऊन लई वेळ बसून होतो. पैसे गेल्याचं होतंच, पण दुखणं एकीकडं आणि चिरफाड दुसरीकडं झाली याचं जास्त लागलं.

मग मीच गाडीखाली झोपलो. तुला माहिती असेल नसेल, जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, एकाला एक चिकटलेले नसतात, मधे एक आखूड शाफ्ट असतो, आणि ट्रान्स्फरमधून मग एक शाफ्ट पुढच्या हाउसिंगला, म्हणजे चाकांमधल्या क्राउन-पिनियनच्या पेटीला, आणि एक मागच्याला जातो. म्हणजे शाफ्ट तीन, आणि सगळे लोक बघतात मागचा एकच. मी तो आखूडवाला दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला तर फ्लँज, म्हणजे तो जिथं बोल्टनं जोडतात ती चकती, हलायच्या आधी शाफ्ट जरासा रिकामाच फिरला. तेवढंच. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात जो अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो त्याच्या कपाच्या कडेला गेरूसारखी तांबडी भुकटी बसली होती, ग्रीसचा थेंब नाही. क्रॉस काढल्यावर त्याच्या टोकांवर कपातल्या सुईसारख्या बेरिंगच्या रेघा उमटलेल्या दिसल्या, नख फिरवलं की टक टक लागायच्या. अशा सुकलेल्या क्रॉसची ती तांबडी भुकटी हीच खूण, ती दिसली की पुढं विचारायचं कामच नाही.

आणि ती नवीन थरथर? ती मागच्या शाफ्टची. काम करताना त्यांनी शाफ्ट काढला, त्याचा सरकणारा जोड सुटला आणि परत बसवताना दात चुकवून बसवला. शाफ्टच्या दोन्ही टोकाचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत पाहिजेत, कारण क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा जरा पळतो आणि दोनदा जरा रेंगाळतो, एका टोकाचं हे पळणं दुसरं टोक मोडून काढतं, पण काटे समोरासमोर असतील तरच. म्हणून शाफ्ट कोणीही काढो, आधी जोडावर आणि दोन्ही फ्लँजवर छिन्नीनं खूण कर. खडूची नको, पुसून जाते.

आता तुझ्या गाडीचं. तू म्हणालास की पन्नासला गुणगुणते आणि हलताना खट्ट करते. हे दोन आवाज एकाच जागचे असतील असं धरून चालू नको. गुणगुण आधी बघू. टायर कोणते आहेत? जाड नक्षीचे टायर डांबरी रोडवर आणि सिमेंटच्या रोडवर वेगळे वाजतात, दोन्हीवर चालवून बघ, रोड बदलला की सूर बदलला तर टायरच. नाही बदलला तर पन्नासला मोकळ्या रोडवर न्यूट्रल करून गाडी वाहू दे. आवाज तसाच राहिला तर इंजिन-क्लच यातून सुटले. मग अॅक्सिलरेटर देऊन आणि सोडून बघ: दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं होत असेल तर मिस्त्री बरोबर आहे, क्राउन-पिनियन नाहीतर पिनियनचा बेरिंग. आणि दोन्ही वेळा एकसारखंच गुणगुणत असेल तर गाडी हळूच डावीकडं-उजवीकडं झुलव. उजवीकडं वळवलं की वजन डाव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर डाव्या चाकाचा बेरिंग.

पुढच्या चाकांना फ्री व्हील हब, म्हणजे चाक धुरीपासून सोडवता-जोडता येणारे हब, असतील तर लई सोपं आहे. टू व्हीलमधे ठेवून हब फ्री कर म्हणजे पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल (दोन बाजूंना कमीजास्त फिरू देणारा गिअर) सगळं थांबतं, मग लॉक करून तीच चक्कर मार. लॉक केल्यावरच आवाज येत असेल तर मागचं हाउसिंग उघडायचा संबंधच काय राहिला!

खट्ट आवाजासाठी खालीच जावं लागेल. पुढच्या चाकांना दगड लाव, मागून उचल, नुसत्या जॅकवर अजिबात झोपू नको, खाली स्टँड नाहीतर जाड ओंडके दे. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. तिन्ही शाफ्ट एकेक करून पिळून बघ, आणि ट्रान्स्फर केसला हातानं हिसका दे, ती ज्या रबरी माउंटिंगवर लटकते ते फाटले असतील तर ती क्लच सोडताना उसळते आणि अगदी क्रॉससारखीच खट्ट करते. मग दोघांना मागची दोन्ही चाकं एकाच दिशेनं बरोबर हळू फिरवायला सांग आणि तू कानानं मोज. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साधारण चारदा फिरतो. आवाज चाकाबरोबर एकदाच आला तर चाकाकडचा, भराभर आला तर शाफ्टकडचा. लांब पेचकसाची मूठ कानाला लावून टोक हाउसिंगवर टेकव, बेरिंग चांगला असेल तर आत नुसतं तेल वाहिल्यासारखं ऐकू येतं.

एक गोष्ट मला खरं सांगायची तर काळजीची वाटायलीय. जुलैत तू ओढ्यातून गाडी काढली होतीस ना, हबच्या वर पाणी होतं म्हणालास. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा जायची नळी, बुजलेला असला की पाणी सीलमधून आत ओढलं जातं. म्हणून हाउसिंगमधलं तेल आजच बघ. आधी वरचा भरायचा नट खोल, तो खुलला तरच खालचा काढ, नाहीतर तेल सांडून बसशील आणि परत भरता येणार नाही. तेल ताकासारखं पांढुरकं आलं तर पाणी गेलंय, दोन्ही हाउसिंग आणि ट्रान्स्फरचं लगेच बदल. काळपट आणि बोटाला चांदीसारखी बारीक पूड, इतकं चालतं. पण नखाएवढे लोखंडाचे तुकडे निघाले तर मला फोन कर, मग गाडी हलवूसुद्धा नको.

अजून एक, काळ्या रानातून बाहेर आलास की फोर व्हील काढतोस ना? या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमधे डिफरन्शियल नाही. चिखलात चाकं घसरून निभावून नेतात, डांबरी रोडवर ते जमत नाही, सगळा पीळ क्रॉसवर आणि गिअरवर येतो. पाऊस चालू असला तरी रोड पक्का आहे म्हणजे टू व्हीलच. आणि चारही टायर एका मापाचे आहेत का तेही बघ, तुझे मागचे दोन मला नवे वाटले होते.

रविवारी सकाळच्या गाडीनं औशाला येतो. पुलर आणि ग्रीसगन माझीच आणतो. क्रॉस आत्ता घेऊन ठेवू नको, माप बघून घेऊ. वहिनींना म्हणावं जेवायला भाकरीच करा, आणि लेकरांना सांग काका गाडीखाली झोपणारेत म्हणून. तेल कसं निघालं ते मात्र त्याआधीच कळव.

तुझाच
मित्र