हाकेच्या अंतरावरची दोन कार्यालये

महोदय,

ठाण्यात कोर्ट नाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने दोन्हींचा ‘वरचा साहेब’ एकच, असा अनेकांचा समज होतो. वारस दाखला न्यायालय देते, सातबाऱ्यावरील नोंद मात्र महसूल खाते करते, म्हणून घोळ आणखी वाढतो. वस्तुतः जिल्हाधिकारी कार्यपालिकेचा भाग आहेत, तर जिल्हा न्यायालयावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असून तेथे मंत्र्यांचाही शब्द चालत नाही. मंत्रिमंडळ २८८ सदस्यांच्या विधानसभेला जबाबदार असते. आपण मात्र आमदारांकडे गटारांच्याच तक्रारी नेतो. कोणते काम कोठे होते, याचे ठळक मराठी फलक दोन्ही प्रवेशद्वारांशी लावावेत, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे