नव्या कॉम्प्युटरवर खापर फोडण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या इंटरनेटविषयीच्या तक्रारी आपल्या पत्रव्यवहारात नेहमी वाचतो. बहुतेक पत्रांत ‘नेट स्लो आहे’ एवढेच असते. कंपनीचा माणूसही तेवढेच ऐकून येतो, आपल्या फोनवर स्पीड बघतो, ‘लाइन ओके आहे’ म्हणतो आणि जातो. नेट अडते कुठे? खांबावरून येणाऱ्या फायबरमध्ये, ओटीवरच्या राऊटरमध्ये, तिथून आत नेलेल्या वायरीत की कॉम्प्युटरमध्ये? हे ठरल्याखेरीज तक्रार पुढे सरकतच नाही, आणि ते ठरवणे घरातल्या माणसालाही जमते. आमच्या घरी यंदा हाच प्रकार झाला. ज्याला सगळ्यांनी दोषी धरले तो कॉम्प्युटर निर्दोष निघाला, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

माझे आचऱ्यात दुकान आहे. जत्रांचे दिवस सुरू झाले की मंडळांची परवानगी घेऊन मी दशावतारी नाटकांचे चित्रीकरण करतो आणि ते नेटवर चढवतो. मुंबईतल्या ज्या चाकरमान्यांना जत्रेला यायला रजा मिळत नाही, त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी हे नाटक लागते. राजपार्ट कोणी केला, पेटीवर कोण होता, हे विचारायला म्हातारी माणसे आवर्जून फोन करतात. चित्र स्वच्छ ठेवायचे आणि मृदंग-झांजेचा आवाज फाटू द्यायचा नाही, तर तीन तासांच्या नाटकाची फाइल 16 जीबीच्या घरात जाते. अपलोडला 50 एमबीपीएस (नेटच्या वेगाचे माप) मिळाले तर ती पाऊण तासात चढते. 3 मिळाले तर बारा तास लागतात, आणि तेवढ्या वेळात आमच्याकडे वीज जाणार नाही याची हमी कोणी द्यावी?

जुना लॅपटॉप एडिटिंगला पुरेना. म्हणून भाच्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस असे सुटे भाग आणले आणि इथे घरी बसून कॉम्प्युटर जोडून दिला. तो पॉलिटेक्निकला शिकतो. त्याचे काम मी शेजारी बसून पाहिले आहे, एकेक स्क्रू जिथल्या तिथे. एडिटिंग झरझर होऊ लागले, पण नेटने मान टाकली. डाउनलोड कधी 20, कधी 4. अपलोड त्याहून कमी. मोठी फाइल लावली की मध्येच थांबायची. ओटीवर राऊटरजवळ फोन धरला तर मात्र शंभरच्या प्लॅनचे पुरते शंभर मिळत होते.

मग निकाल लागायला कितीसा वेळ? ‘तुमी घराकडे जोडलेलो कॉम्प्युटर, तेतच काय तरी भानगड आसतली,’ शेजारच्या काकांनी सांगून टाकले. कंपनीच्या माणसाचे म्हणणे तेच, फक्त भाषा वेगळी: असेंबल्ड पीसीची जबाबदारी आमची नाही. जाता जाता मोठा प्लॅन घ्यायचा सल्लाही दिला. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने विंडोज पुन्हा टाकले, मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅनचा, म्हणजे वायरीने नेट घेण्याच्या सोयीचा, ड्रायव्हर घेऊन बसवला, तरी फरक पडेना.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. कॉम्प्युटर नवा होता, तशी त्याच्यापर्यंत आलेली वायरही नवीच होती. आमचे घर जुने चिरेबंदी. राऊटर ओटीवर, आणि आवाजाचे काम शांतपणे करता यावे म्हणून कॉम्प्युटर मागच्या पडवीच्या खोलीत. मध्ये जांभ्याच्या जाड भिंती. त्यातून 5 गिगाहर्ट्झचे वायफाय पलीकडे जातच नाही, 2.4 चे कसेबसे जाते, आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा तेही आणखी मंदावते. म्हणून कंपनीच्याच फिटरकडून माळ्यावरून लॅनची वायर ओढून घेतली होती. जुना लॅपटॉप ओटीवर वायफायवर चालायचा, त्याचा या वायरीशी कधी संबंधच आला नव्हता.

भाच्याने मग अदलाबदल सुरू केली. आधी कॉम्प्युटर उचलून ओटीवर आणला आणि राऊटरच्या खोक्यात आलेल्या छोट्या तयार केबलने जोडला. डाउनलोड, अपलोड दोन्ही पूर्ण. कॉम्प्युटर सुटला. नंतर जुना लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन त्या लांब वायरीला लावला. तोही रडायला लागला. ज्यांच्या घरी असा वाद चालू असेल त्यांनी एवढे जरी केले तरी निम्मे भांडण मिटेल. यंत्र तेच ठेवून वायर बदलायची, मग वायर तीच ठेवून यंत्र बदलायचे. दोष ज्याच्या मागोमाग जातो तो दोषी. याला पैसा लागत नाही.

आकड्यातही ते दिसत होते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्यातल्या जोडणीचा एमबीपीएसमधला वेग, लिहिलेला असतो. चांगल्या वायरीवर तिथे 1000 हवा, आमच्याकडे बहुतेक वेळ 100 दिसे आणि अधूनमधून जोडणी तुटून पुन्हा लागे. कमांड प्रॉम्प्ट उघडून राऊटरला पिंग केले, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येते का पाहिले (आमच्या राऊटरचा पत्ता 192.168.1.1 आहे), तर घरातल्या घरात, ओटी ते पडवी एवढ्या अंतरात, उत्तरे गळत होती. वायरीवर हे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे आणि एकही गळता कामा नये. एवढे दिसल्यावर बाहेरच्या लाइनला किंवा प्लॅनला दोष देण्यात अर्थच उरत नाही.

फिटरला बोलावले. तो पोरगा सरळ होता. त्याने टेस्टर लावून दाखवला: एक ते आठ, सगळे दिवे ओळीने हिरवे. ‘बघा, वायर ओके.’ तो खोटे बोलत नव्हता. खरी मेख त्या टेस्टरलाच दिसत नव्हती.

भाच्याने प्लग उजेडात धरला. प्लास्टिक पारदर्शक असते, आतल्या आठ तारांचे रंग दिसतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोडीला जोडी, अगदी देखणे काम. दुसऱ्या टोकालाही हुबेहूब तसेच. आणि घोळ नेमका तिथेच होता.

या वायरीत तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि एकमेकांत विरतो. ही युक्ती आजची नाही, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1881 मध्ये तिचे पेटंट घेतले होते. प्लगमध्ये 1 आणि 2 ही एक जोडी, पण दुसरी जोडी 3 आणि 4 नसून 3 आणि 6 असते. म्हणून हिरवी जोडी फाकवून तिच्या मध्ये निळी घालावी लागते. रंग ओळीने लावले की 3 नंबरला हिरव्या जोडीतली तार येते आणि 6 नंबरला निळ्या जोडीतली. दोन टोके सारखी असल्यामुळे टेस्टरचे दिवे लागतात, कारण तो फक्त तार तुटलेली नाही ना आणि नंबर जुळतात ना, एवढेच बघतो. पण संदेशाचे जाणे-येणे जोडी सोडून दोन वेगळ्या पिळांतून होऊ लागते आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट आत शिरतो. जत्रेत शेजारी दुसरा लाउडस्पीकर लागला की आपल्या माइकमध्ये त्याचे गाणे येते, तसे. हातभर वायरीत हे खपून जाते. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या वायरीत नाही.

दोन्ही प्लग कापून नवे मारले. प्लगची खुंटी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि वायर आपल्या अंगाला येईल असा धरला की डावीकडून क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. तारांचा पीळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत राहू द्यायचा, उगाच लांबवर उकलायचा नाही. लिंक लगेच 1000 वर गेली, पिंग गळायचे थांबले आणि अपलोड नव्वदीच्या पुढे गेला. जी फाइल चढेल की नाही याची धाकधूक असायची, ती आता अर्ध्या तासाच्या आत चढते. खर्च दोन प्लगांचा.

वायरीचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही लॅन केबल वरून तांब्याच्या दिसतात, आत ॲल्युमिनियम असते. ती तार वाकवली की मोडते आणि तांब्याइतकी वाहतही नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेत उघड्यावर राहिलेले सांधे लवकर खराब होतात, तिथे अशी वायर अजिबात घेऊ नये. पूर्ण तांब्याची ‘कॅट 5 ई’ मागावी. 100 मीटरपर्यंत ती 1000 चा वेग देते.

नवा कॉम्प्युटर जोडलेल्या इतरांकडे दोष वायरीत असेलच असे नाही. वायफायवर चालवत असाल तर मदरबोर्डच्या खोक्यात दोन छोटे अँटेना येतात, ते मागच्या बाजूला फिरवून बसवावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका घरी ते तसेच खोक्यात पडून होते आणि तरीही थोडेफार नेट येत असल्याने कोणाला शंका आली नाही. यूएसबीचे वायफाय वापरत असाल तर ते यूएसबी 3 च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका, त्या डिस्कचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो. नव्या विंडोजवर पहिले काही दिवस अपडेट आणि फोटोंचा क्लाउड बॅकअप मागे चालू असतो. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यात तो दिसतो. अपलोड भरून गेला की डाउनलोडही अडखळतो, त्यामुळे मोजमाप करताना तो थांबवावा. आणि 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोडला सेकंदाला 12 एमबी दिसले तर तक्रार करू नका. एमबीपीएस हे बिट आहेत आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तेवढेच यायला हवे.

आता माझी खरी मागणी. नेटच्या कंपन्यांना आपल्या दैनिकातून सांगावेसे वाटते की जोडणी देताना स्पीड राऊटरजवळ फोनवर मोजून निघून जाऊ नका. ग्राहक जिथे बसून काम करणार आहे तिथे, तुम्ही ओढलेल्या वायरीवर, त्याच्यासमोर मोजा. पावतीच्या मागे तीन आकडे लिहून द्या: लिंक स्पीड, त्या जागेवरचा डाउनलोड-अपलोड आणि फायबरवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी. ही पातळी डीबीएम या मापात मोजतात; ती साधारण उणे 27 च्या खाली (उणे 28, उणे 29 अशी) गेली की जोडणी डळमळते. पुढे वादळात, पावसात किंवा माकडांनी ओढून लाइन बिघडली, तर आधी किती होते आणि आता किती आहे हे दोन्ही बाजूंना कळेल. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर आमच्या किनाऱ्यावर किती वायरी पुन्हा ओढाव्या लागल्या हे सगळ्यांना माहीत आहे. त्या कामाची कुठेही नोंद नसेल तर पुढचा माणूस अंदाजानेच चालणार.

फिटर मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्यातली बरीच मुले दुसऱ्याचे बघून शिकलेली असतात, भर पावसात शिडीवर चढून काम करतात, आणि आठ दिवे लागले की काम झाले असेच त्यांना सांगितलेले असते. आमच्याकडे आलेल्या मुलाला भाच्याने क्रम समजावला, तेव्हा त्याने फोनवर फोटो काढून घेतला आणि याच पद्धतीने वायर मारलेली आणखी घरे आपल्या लक्षात असल्याचे सांगितले. ती घरे तो पुन्हा करून देणार आहे. त्या घरांतही बहुधा कॉम्प्युटरलाच बोल लागत असणार.

आपल्याला एक विनंती. वर दिलेला रंगांचा क्रम प्लगच्या रंगीत चित्रासह एकदा छापावा. मुले ते कात्रण जवळ ठेवतील. चित्र हवे असल्यास भाचा काढून पाठवायला तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक
आचरा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग