चिरंजीवास, सत्त्याण्णव टक्क्यांबद्दल

सोलापूर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपला वाद अर्धाच राहिला. पृथ्वी माणसामुळे तापतेय असं मी म्हणते; तू म्हणतोस, सोलापूर पहिल्यापासूनच तापतं आणि '९७ टक्के शास्त्रज्ञांना हे मान्य आहे' हा आकडा फसवा आहे. नेटवर्कमुळे निम्मा वेळ "ऐकू येतंय का" यातच जातो, म्हणून लिहितेय.

सोलापूर पहिल्यापासूनच तापतं, हे तुझं म्हणणं मान्य. आपण पर्जन्यछायेत राहतो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेलेला तुझ्या आजोबांनीही पाहिलाय. त्यात आता काँक्रीट वाढलं, रस्त्याकडेचे कडुनिंब गेले. एका गावाच्या एका उन्हाळ्यावरून कुणी शहाणा शास्त्रज्ञ निकाल देत नाहीच. साऱ्या पृथ्वीची सरासरी १८५०-१९०० च्या मानाने एक अंशाहून जास्त वाढलीय, प्रश्न तिचा आहे.

आता तुझे ते ९७ टक्के. २०१३ साली जॉन कुक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हवामानबदलावरच्या ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासले. जवळजवळ दोन तृतीयांशांत तापमानवाढीच्या कारणाविषयी काहीच म्हटलं नव्हतं, हे तू बरोबर शोधलंस. ज्यांनी म्हटलं, त्यांतल्या ९७ टक्क्यांनी माणसाकडे बोट दाखवलं. पण गप्प बसलेल्यांना तू विरोधकांत धरतोस, हे कुठलं गणित? रसायनशास्त्राचा निबंध लिहिताना 'अणू असतात' असं सारांशात कोण लिहितं?

तरी तो आकडा बाजूला ठेव. मला तो फारसा आवडतही नाही. लोक त्याच्यावरच भांडत बसतात आणि पुरावा राहून जातो. १८९६ साली अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हाताने आकडेमोड करून सांगितलं होतं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल. १९५८ पासून कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर या वायूचं मोजमाप सुरू केलं, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत. हा वायू आपलाच कशावरून? कोळसा कोट्यवधी वर्षं जुना, त्यामुळे त्यात कार्बन-१४ (काळाबरोबर आपोआप विरत जाणारा किरणोत्सारी कार्बन) उरलेलाच नसतो. आपल्या एनटीपीसीच्या वीजकेंद्रात काय किंवा चीनमध्ये काय, तो जळला की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण घटतं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५५ मध्येच झाडांच्या लाकडात ही खूण दाखवली होती.

आणि सूर्य? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत. ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड झालाय. चादरीसारखंच आहे हे: आत ऊब अडकते, बाहेर कमी पोचते. (उपमा काटेकोर नाही, आणि वरच्या थंडाव्यात थोडा वाटा ओझोन घटल्याचाही आहे. बारावीच्या वर्गात मी हे सांगतेच.)

भांडायचंच असेल तर शास्त्रज्ञ भांडतात तिथं भांड. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा) २०२१ चा अहवाल अडीच ते चार अंश ही शक्यता धरतो. एवढी मोठी दरी मुख्यतः ढगांमुळे. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात पाऊस नेमका कसा बदलेल, यावरही खूप काम बाकी आहे. माणूस कारणीभूत आहे का, हे मात्र त्याच अहवालाने निःसंशय म्हणून लिहिलंय.

शेंगाचटणी शेजारच्या काकूंबरोबर पाठवलीय. डबा परत आण.

तुझी,
आई