छपरावर पॅनेल, तरी घरात अंधार

महोदय,

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि इतर जिल्ह्यांतून आलेले वीज कर्मचारी भर पावसात राबत असूनही कित्येक गावांना अनेक आठवडे विजेवाचून काढावे लागले. अंधाराची सवय होते; हाल झाले ते पाण्याचे. पंप बंद, म्हणून नळ कोरडे. आमच्या आळीत एकाच विहिरीवर जुना रहाट शाबूत होता, तिथे पहाटेपासून हंडे-कळश्यांची रांग लागायची.

आता प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटच्या सौरसंचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते आणि कौलांवर, गच्चीवर पॅनेल दिसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मीही संच बसवला. मात्र एका दुपारी लख्ख ऊन असताना वीज गेली आणि माझ्या घरातला पंखाही थांबला. असे होणार, हे संच बसवून देणाऱ्याने आधी सांगितले नव्हते. वीजवाहिनीला जोडलेल्या संचाचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडतो, कारण आपल्या छपरावरची वीज उलट तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम योग्यच आहे. पण बॅटरी आणि वीज गेल्यावरही घराला पुरवठा चालू ठेवणारा हायब्रिड इन्व्हर्टर नसेल, तर वादळानंतरच्या स्वच्छ उन्हात ही सगळी छपरे निरुपयोगी ठरतील.

घरोघरी बॅटरी परवडणार नाही, हे मान्य. म्हणूनच किनारपट्टीच्या प्रत्येक गावात निदान आरोग्य उपकेंद्र आणि लोकांना आसरा देणारी शाळा येथे बॅटरीसह सौरसंच असावा, म्हणजे औषधांचा फ्रिज, दिवे आणि गावाचे फोन चालू राहतील. पाण्याचे काम तर त्याहून सोपे आहे. सौरपंपाने दिवसा उंच टाकी भरून घेतली की रात्री बॅटरी लागतच नाही, साठवण टाकीतच झालेली असते. राज्यातील अनेक वाड्यावस्त्यांवर सौर दुहेरी पंपाच्या (एकाच विंधन विहिरीवर हातपंप आणि सौरपंप) योजना याच पद्धतीने चालतात.

यंत्रणा बसवण्याइतकीच तिची देखभाल महत्त्वाची आहे. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात साधे नटबोल्ट पाहता पाहता गंजतात, आणि बॅटरी संपलेले सौर पथदिवे नुसते खांब होऊन उभे असलेले मी रोज पाहतो. त्यामुळे सांगाडा वादळी वाऱ्याला टिकेल असा आणि गंजरोधक असावा, बॅटरी बदलण्यासाठी ग्रामपंचायतीने दरवर्षी रक्कम बाजूला काढावी आणि गावातल्याच दोन मुला-मुलींना दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. जिल्हा प्रशासनाने हा खर्च आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात धरावा आणि मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व तपासणीत, मुख्य वीजपुरवठा बंद करून, प्रत्येक संच प्रत्यक्ष चालवून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)