हक्कसोडीआधी वारसांची नावे लागावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर जिल्ह्यात शेतकरी वडील गेले की तेरवी आटोपते न आटोपते तोच पटवाऱ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो आणि त्याच सुमारास सासरी नांदणाऱ्या मुलींपुढे हक्कसोडपत्र येते. काटोलकडील अशा एका दस्तात, लग्नात पुरेसा खर्च झाल्यामुळे आपण हिस्सा राजीखुशीने सोडत आहोत, असे मुलीच्या तोंडी घातले होते; तिला तो दस्त कोणी वाचूनही दाखवला नव्हता.

वारसपण पटवाऱ्याच्या नोंदीने मिळत नाही आणि लग्नाच्या खर्चाने फिटतही नाही. फेरफार, म्हणजे जमिनीच्या दफ्तरातील नावबदलाची नोंद, हा महसुली व्यवहारापुरता असतो. मालकी त्याने ठरत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

आईवडिलांना भावाने सांभाळले, हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. पण त्यासाठी वडिलांनी स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र हयातीतच करून ठेवणे हा सरळ मार्ग आहे; दुखवट्यात बसलेल्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती घालून सही घेणे हा नव्हे. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या आसपास जमिनींना भाव आल्यापासून या सह्यांची घाई कशासाठी असते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

स्वेच्छेने हक्क सोडण्याचे स्वातंत्र्य बहिणीला जरूर असावे. मात्र आधी सर्व वारसांची नावे सातबाऱ्यावर लागावीत आणि मगच हक्कसोडपत्र नोंदवले जावे, असा नियम शासनाने करावा. नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधकांनी त्या महिलेला नातेवाइकांपासून बाजूला बसवून, तिचा हिस्सा किती आणि ती काय सोडत आहे, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावे. वारसनोंद प्रमाणित होण्यापूर्वी वारसांची नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तर गाळलेले नाव गावातलेच कोणीतरी सांगेल.

– एक वाचक, नागपूर