खालून वाच

सांगली

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या सिनेमाच्या वितरणाचा करार आज सौदे उरकल्यावर दुकानातच दोनदा वाचला. माझं इंग्रजी बेताचंच. पण बत्तीस वर्षं अडत दुकानात दिवाणजी म्हणून शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहितोय, कोण कुठं कापतंय ते कळतं.

शेतकरी पट्टी हातात आली की आधी दर बघतो. मी त्याला म्हणतो, खालून वाच. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात काय पडलं ते बघ. तुझ्या कागदावर वरतीच चाळीस टक्के लिहिलेत. कशाचे? तिकिटातून आधी जीएसटी जाणार, मग थिएटरवाल्याचा वाटा, मग वितरकाचं कमिशन, मग त्यानं जाहिरातीला घातलेला पैसा. एवढं सगळं जाऊन उरलं तर त्याचे चाळीस. आणि जाहिरातीच्या खर्चाला मर्यादाच नाही! तिथं आकडा घालून घे, बिलं बघायचा हक्कही लिहून घे. तोंडी काही नको. तुझ्या आज्ज्याची वर्षाची हळद एकानं अशीच शब्दावर नेली होती. दोन दिवाळ्या गेल्यावर निम्मे पैसे आले.

सातव्या कलमात 'सर्व हक्क, कायमचे' असं आहे. ते काट. थिएटरपुरतं दे, तेही मुदत घालून. टीव्ही, ओटीटी, डबिंग तुझ्याकडं ठेव. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद असली तर भावासाठी थांबता येतं. अर्थात २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा थांबलेल्यांचं काय झालं तेही मी बघितलंय. म्हणून फार ताणूही नकोस.

निर्माता मधेच सोडून गेला म्हणून तू अजून कुढतेस, असं आई सांगत होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं सीतास्वयंवर केलं, हे दर रंगभूमी दिनाला भाषणात असतं. पण १८५१ ला सांगलीचे राजे चिंतामणराव गेले, संस्थानचा आधार तुटला, आणि मग भावे आपली नाटकमंडळी घेऊन गावोगाव हिंडले, तिकीट लावून खेळ केले, हे कोण फारसं बोलत नाही. मला तर तोच भाग खरा वाटतो.

अनुदानाचा अर्ज कर, पण ते पैसे आत्ताच हिशेबात धरू नकोस. ते परीक्षण होऊन, दर्जा ठरून, मग येणार. कॅमेरा विकायचा विषय काढू नकोस. माझ्या आवर्ती ठेवीची मुदत संपत आलीय, तेवढ्यात तुझ्या साउंडवाल्याचं भागेल. परत कधी देशील ते मात्र कागदावर लिहून दे, हसू नकोस.

आणि एक राहिलंच. सिनेमात माझा हात पट्टी लिहिताना दिसतो, तो तुकडा छान आलाय. पण तू मला दर मनानं घालायला लावलास. राजापुरी हळदीला तसला दर त्या वर्षी कुठंच नव्हता. कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणालीस. सांगलीत लागला की अख्खं मार्केट यार्ड बघायला येणार आहे, बाई.

तुझे
अण्णा